अग्रलेखाचा तास

सर, परवा तुमची मुलगी माझ्या ऑफिसात येऊन गेली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचे विद्यार्थी मिळून एक स्मरणिका काढताहेत आणि तीत माझी दोन पानं हवीत, असं म्हणाली. चहा घेता घेता तिने सांगितलं, कोण कोण लिहितंय ते. एक तहसीलदार, एक पोलीस उपअधीक्षक, मंत्रालयातले दोघं-तिघं. या सगळ्यांत मी कशी काय बसते, हे तिनेही बोलून दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही. दोन पानं त्याच आठवड्यात लिहून दिली. सरांची शिस्त, सरांचं वाचन, सरांनी घडवलेली मुलं. तुम्ही शिकवलंत तसंच लिहिलं, मोजकं आणि तोललेलं. ते छापून येईल. हे जे आत्ता लिहितेय ते कुणाला द्यायचं नाही. हे तोललेलं नाही.

कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत, टाईल्सच्या दुकानावर तुमची अभ्यासिका होती. मी नांदगाव तालुक्यातल्या आमच्या गावाहून बी.ए. होऊन आले, तेव्हा अग्रलेख कशाला म्हणतात हेही मला धड माहीत नव्हतं. आमच्याकडे पेपर दुपारच्या एसटीने यायचा आणि तो कटिंगच्या दुकानात वाचला जायचा. वडील फक्त बाजारभावाचं पान बघायचे. तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात, "बातमी हमालसुद्धा वाचतो. ज्याला अधिकारी व्हायचंय त्याने अग्रलेख वाचायचा." मला तेव्हा ते वाक्य इतकं आवडलं, की मी ते खोलीतल्या भिंतीवर लिहून लावलं होतं. आता माझा सगळा दिवस हमालांशी बोलण्यात जातो आणि ते वाक्य आठवलं की मला तुमची लाज वाटते.

रोज सकाळी अग्रलेखाचा तास. एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी पेन्सिलीने खुणा करायच्या. आधी मुद्दा, मग त्याच्या विरुद्धचा मुद्दा आणि शेवटी मधला मार्ग. रेपो दर, वित्तीय तूट, कच्चं तेल, अमेरिकेतल्या बुडालेल्या बँका, आखातातला तणाव. कुणी नुसतं "मला वाटतं" म्हणून सुरुवात केली, तरी तुम्ही खडू आपटायचात. "तुला काय वाटतं हे कुणी विचारलंय? आयोगाला तुझं मन नकोय, समज हवीय." आम्ही हसायचो, तुम्हाला घाबरायचो, आणि हळूहळू सगळेच तुमच्यासारखं बोलायला लागलो. मेसमध्ये आमटी पातळ झाली तरी कुणीतरी म्हणायचं, "दोन्ही बाजूंचा विचार व्हायला हवा."

आणि मग तो कांद्याचा दिवस. निर्यातबंदी जाहीर झाली होती. अग्रलेखात लिहिलं होतं, की पाऊल कटू आहे, पण सणासुदीत ग्राहकांचं हित पाहता तूर्तास अपरिहार्य आहे. वाचायची पाळी माझी होती. "अपरिहार्य" या शब्दापाशी मी थांबले आणि म्हणाले, "सर, आमच्या कांदाचाळीत माल भरून पडलाय. चार महिने जपलेला. आता तो सडेल."

"पुढे वाच."

"पण सर, यात चाळीबद्दल काहीच नाही."

तुम्ही खुर्ची मागे सारलीत. अजून तुमचा तो चेहरा माझ्यासमोर आहे, चिडलेला नाही, कंटाळलेला. "हे बघ, तू इथे शेतकऱ्याची पोरगी म्हणून बसलेली नाहीस. हे रडगाणं बाजार समितीच्या आवारात गा. परीक्षकाला तुझ्या चाळीचं काय करायचंय? त्याला दोन्ही बाजू दे." सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. शिक्षा म्हणून तुम्ही मला बंदीच्या बाजूने निबंध लिहायला लावलात. मी दुसऱ्या दिवशी लिहून आणला. तुम्ही तो उभ्याने वाचलात, सगळ्यांना ऐकवलात, आणि म्हणालात, "याला म्हणतात प्रशासकीय दृष्टी." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

त्या शनिवारी मी गावी गेले. वडील चाळीत बसून कांदे निवडत होते. सडक्या कांद्याचा वास एकदा नाकात बसला की दोन दिवस जात नाही, तुम्हाला तो माहीत नसेल. मी शेजारी गोणपाटावर बसले आणि निवडायला लागले. ते म्हणाले, "तुझे सर हुशार हायेत ना लय? मंग त्यांना इचार, ही बंदी कव्हा उठल." मी त्यांना सांगायला लागले. शहरातला ग्राहक, महागाईचा निर्देशांक, सरकारपुढचा पेच, सगळं. ते हातातलं काम थांबवून मान देऊन ऐकत राहिले, गावात कुणी साहेब आला की ऐकतात तसं. माझं संपल्यावर हातातला कांदा पाटीत टाकला. मग म्हणाले, "म्हंजी मंग आपलंच चुकलं का?"

सर, त्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं होतं. "नाही." तुमच्याकडे इतकी वर्षं बसून मी तेवढा एक शब्द उच्चारायचं विसरले होते. मला समारोप सुचत होता. ते उठले, सडके कांदे पाटीत भरून उकिरड्यावर टाकून आले आणि पुन्हा निवडायला बसले. त्यानंतर त्यांनी मला अभ्यासाबद्दल कधी काही विचारलं नाही.

मधल्या काळात बँकेच्या क्लार्कची जाहिरात आली. मी अर्ज भरला, परीक्षेचं प्रवेशपत्र आलं. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही मला केबिनमध्ये बोलावलंत. ओरडला नाहीत. ओरडला असतात तर मी गेले असते. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "तुला खिडकीआड बसून शिक्के मारायचेत? मार. पण मग अग्रलेखाच्या तासाला येऊ नकोस. अर्ध्या मनाची माणसं मला चालत नाहीत." त्या रविवारी बाकीच्या मुली परीक्षेला गेल्या. मी अभ्यासिकेत बसून युरोपातल्या व्याजदरांवर टिपण काढत होते. त्यांतल्या दोघी लागल्या. एक सिन्नरला आहे, आता अधिकारी झालीय. भेटली की मला अजून "हुशार" म्हणते.

मुलाखतीपर्यंत मी पोचले, हे तुमचंच श्रेय. मुंबईला, पॅनेलवर एक वयस्क बाई होत्या. त्यांनी माझा कागद पाहिला आणि म्हणाल्या, "घरी कांदा असतो तुमच्या. निर्यातबंदीबद्दल काय वाटतं?" मी दोन्ही बाजू मांडल्या, एकदाही न अडखळता. त्या म्हणाल्या, "हे मी वाचलेलं आहे. तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणाले, "मॅडम, दोन्ही बाजूंचा साकल्याने विचार करता…" त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि शेजारच्या सदस्याला म्हणाल्या, "तुम्ही विचारा." यादीत माझं नाव नव्हतं. तुम्हाला सगळं सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "उत्तर बरोबर होतं. पॅनेल वाईट मिळालं." मला वाटलं, तुम्ही निदान एकदा तरी म्हणाल की पोरी, तिथे बोलून टाकायचं होतंस. नाही म्हणालात.

पुन्हा बसावं की नाही, हे विचारायला मी तुमच्या घरी आले. आठवतं? काकूंनी दार उघडलं आणि मी चप्पल काढायच्या आतच माझ्या हातावर पेढा ठेवला. "अगं, आमची बाई लागली बँकेत!" तुमची मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, लाजलेली आणि आनंदलेली. तुम्ही आतून बनियनवर शर्ट चढवत बाहेर आलात. म्हणालात, "क्लार्कच आहे. पण कायम आहे. मुलीच्या जातीला बरं असतं."

मी म्हणाले, "सर, मला तुम्ही बसू दिलं नव्हतं."

"तुझी गोष्ट वेगळी आहे," तुम्ही म्हणालात. "तुझ्यात धग आहे. हिला ते झेपलं नसतं." आणि तुम्ही माझ्याकडे इतक्या कौतुकाने बघितलंत, की मला तो पेढा खावा लागला. तुमच्या घरातून निघून गंगापूर रोडने चालत खोलीवर येताना मला पहिल्यांदा नीट कळलं. पोटच्या मुलीसाठी तुम्ही नोकरी शोधलीत आणि माझ्यासारखीला ध्येय दिलंत. ध्येय द्यायला काही लागत नाही. ते वाया गेलं तर देणाऱ्याच्या घरात त्याचा वास येत नाही.

त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. अभ्यासिकेचा जिना चढताना छातीत कळ आली आणि तिथेच बसलात. अमरधाममध्ये मी बायकांच्या मागे उभी होते. सगळे रडत होते आणि मी भांडणाच्या तयारीत होते. कितीतरी दिवस मनाशी वाक्यं जुळवून ठेवली होती, आता ती कुणाला ऐकवू? माणूस मेला की त्याचं सगळं बरोबर ठरतं. तेव्हापासून तुमच्याबद्दल वाईट बोलायची मला कुणी जागाच ठेवली नाही. स्मरणिकेतही नाही.

आता मी ओझरच्या पुढे, हायवेलगत एका कांदा निर्यातदाराकडे काम बघते. कंटेनर, कागदपत्रं, बंदरावरचे फोन. दिल्लीहून काही जाहीर झालं की आधी माझा मोबाईल वाजायला लागतो. "ताई, खरं हाय का? माल वाटंत हाय, माघारी आणू का?" मी त्यांना म्हणते, "खरं आहे भाऊ. वाईट झालं." समोरचा शिव्या घालतो, मी ऐकून घेते. एवढंच. कुठल्याच परीक्षेत याला गुण नाहीत, पण मला हे बोलायला शिकायला तुम्ही गेल्यावर बरीच वर्षं लागली.

इथे थांबायला हवं होतं. पण एक गोष्ट मी स्मरणिकेतल्या पानांत लिहिली नाही आणि इथेही आतापर्यंत टाळत आले. माझ्या पहिल्या वर्षी मला कावीळ झाली होती. गावी जायचीही ताकद नव्हती. मखमलाबाद रोडला मी भाड्याने राहायचे त्या घरी मालकीणबाई पुरुषांना आत येऊ देत नसत, म्हणून तुम्ही बाहेर, माझ्या खिडकीखाली त्यांची प्लॅस्टिकची खुर्ची मांडून बसलात. काकूंनी डब्यात मुगाची खिचडी दिली होती, ती तुम्ही गजांतून आत सरकवलीत. कशी आहेस, असं काही विचारलं नाहीत. पेपर उघडलात आणि म्हणालात, "आजचा चुकायला नको, महत्त्वाचा आहे." वाचायला सुरुवात केलीत, कुठल्यातरी दूरच्या देशाच्या चलनाबद्दल होतं. मालकीणबाई ओरडल्या, "अहो मास्तर, पोरीला झोपू द्या की!" तुम्ही म्हणालात, "झोपू दे ना. मी हळू वाचतोय." आणि खरंच आवाज खाली आणलात. मी बरी होईपर्यंत रोज येत राहिलात.

मला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं, सर. डोळे मिटून पडलेली असायचे. आमच्या घरात मला कधी कुणी काही वाचून दाखवलं नव्हतं, लहानपणीही नाही. तुमचा आवाज शेवटाकडे आला, की मला कळायचं आता तुम्ही उठणार, आणि मी आतून विचारायचे, "सर, खालचा दुसरा अग्रलेखही वाचता का? तो मला जड जातो."