बोलायला तयार झालेला साहेब

ताकाओका,
१९ ऑक्टोबर

प्रिय मिसुझु,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. घरी सगळं ठीक आहे. आईच्या गुडघ्याची सूज उतरली आहे आणि ती परत पोहायला जायला लागली आहे. शेजारच्या होरीकावांनी यंदा टोपलीभर नाशपाती आणून दिल्या, त्यातल्या निम्म्या तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवल्यात. तुला मी आजवर असं पत्र कधी लिहिलं नाही. पुठ्ठ्याची खोकी बनवणारा माणूस मी, माझं लिखाण खोक्यावरच्या पत्त्यापुरतं. पण ही गोष्ट फोनवर सांगायला गेलो तर अर्ध्यात विनोद करून विषय बदलीन, हे मला आता कळलंय. म्हणून लिहितोय.

एप्रिलमध्ये तू घरी आली होतीस. जेवताना तुमच्या तानिमोतो सरांच्या प्रकल्पाबद्दल सांगत होतीस. नोकरी सोडायची तर हल्ली काही मुलं स्वतः सांगत नाहीत, फी भरून एखाद्या संस्थेकडून राजीनामा कळवतात. ती तसं का करतात, आणि त्याआधी कंपनीत काय काय घडलेलं असतं, यावर तुम्ही लोक काम करताय. तू म्हणालीस, ‘सोडून गेलेली मुलं वीस-बावीस मिळाली, ती भरभरून बोलतात. पण ज्यांना सोडून गेली ते साहेब लोक? एकही तोंड उघडायला तयार नाही. बाबा, तुमच्या कारखान्यात झालंय का असं कधी?’ मी माशाचा काटा काढत म्हणालो, ‘आमच्याकडे? छे! आमच्याकडे कोण कशाला असं करेल?’ आईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सूपचे वाडगे उचलून आत गेली. तिला माहीत होतं. मी खोटं बोललो, मिसुझु. दोनच महिन्यांपूर्वी ते झालं होतं, आणि माझ्याच हाताखाली.

ओत्सुबो नावाचा मुलगा होता. चोवीस वर्षांचा, हिमीकडचा. कापायच्या यंत्रावर मी त्याला चार वर्षं तयार केला होता. पुठ्ठा कापणारी पाती केसभर जरी सरकली तर खोक्याची घडी नीट बसत नाही, आणि ते सरकणं त्याला आवाजावरून कळायचं. मला कळायला दहा वर्षं लागली होती. मी त्याच्यावर कधी आवाज चढवला नाही. मी शिकलो त्या काळात आम्हाला फोरमनच्या हातचा मार बसायचा, त्यामुळे आपण तसं वागायचं नाही हे मी फार पूर्वीच ठरवलं होतं. त्याचा मला अभिमानही होता. फेब्रुवारीत एका सकाळी, कामाआधीचा व्यायाम चालू असताना, ऑफिसातला फोन वाजला. अगदी गोड आवाजात एक बाई म्हणाल्या, ‘ओत्सुबो-सान आजपासून कामावर येणार नाहीत. त्यांच्या वतीने राजीनामा कळवत आहोत. कृपया त्यांना थेट फोन करू नये, अशी त्यांची इच्छा आहे.’ मला वाटलं कुणीतरी थट्टा करतंय. मी हसलोसुद्धा. बाई हसल्या नाहीत.

पुढचे दिवस कसे गेले ते तुला काय सांगू. मालकांनी बोलावून विचारलं, ‘नोसाका, तू काय केलंस त्या पोराला?’ मी म्हणालो, ‘काहीच नाही.’ फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या इगाराशीबाई तुला माहीतच आहेत, त्यांच्या तोंडाला कुणी झाकण लावू शकलेलं नाही. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘चला, आता राजीनामेपण घरपोच यायला लागले!’ सगळे हसले, मीही हसलो. पण घरी आल्यावर मला जेवण जाईना. चार वर्षं रोज शेजारी उभा राहिलेला माणूस जाताना मला तोंडही दाखवू शकला नाही, म्हणजे मी त्याला कोण वाटत होतो? आणि वर माझीच मुलगी विद्यापीठात बसून माझ्यासारख्या साहेबांवरच अभ्यास करतेय. तुला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

तू परत गेलीस आणि फ्रिजवर तुमच्या प्रकल्पाचं पत्रक तसंच राहिलं. आईने ते चुंबकाखाली अडकवून ठेवलं होतं. दूध काढायला गेलं की ते समोर यायचं. मे महिन्यात एकदा दुपारच्या सुट्टीत मी कारखान्यामागे जाऊन त्यावरच्या नंबरवर फोन केला. तू उचललास तर ठेवून द्यायचा असं ठरवलं होतं. फोन तुझ्याबरोबर काम करणाऱ्या वाकुईबाईंनी उचलला. मी त्यांना आधीच सांगून टाकलं की माझी मुलगी तुमच्याच गटात आहे. त्या म्हणाल्या, ‘मग तुमची मुलाखत मी एकटी घेईन, मीच लिहून काढीन, आणि तुम्ही सांगेपर्यंत ती मिसुझु-सानला दिसणार नाही. चालेल?’ मला वाटलं होतं एखादी पोरगी असेल, तर निघाल्या माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनीच लहान. बँकेतली नोकरी सोडून पंचेचाळिसाव्या वर्षी परत शिकायला आलेल्या. मी सूट घालून कानाझावाला तुमच्या विद्यापीठात आलो होतो, मिसुझु. तू तेव्हा दोन मजले खाली वर्गात होतीस. वऱ्हांड्यात पावलं वाजली की मी दाराकडे पाठ करायचो.

बाईंनी संमतीचा कागद वाचून दाखवला, सही घेतली, रेकॉर्डर मध्ये ठेवला. ‘नकोसं वाटलं तर कधीही थांबा,’ म्हणाल्या. तासभर मी छान बोललो. हल्लीची मुलं कशी, आमचा काळ कसा, मी कसा कधी रागावत नाही. त्या मान डोलवत होत्या. मग त्यांनी साधासा प्रश्न विचारला, ‘शेवटच्या दोन-तीन महिन्यांत तो तुमच्याशी काही बोलायला आला होता का?’ मी म्हणालो, ‘नाही.’ आता दुसरा कुणी असता तर पुढच्या प्रश्नावर गेला असता. वाकुईबाई गेल्या नाहीत. बघत बसल्या नुसत्या. मी पाणी प्यायलो. त्या तशाच. मी खिडकीबाहेर बघितलं. आणि मला एकदम आठवलं.

नोव्हेंबरात आम्ही गाड्यांना बर्फात चालणारी चाकं बसवत होतो, तेव्हा तो आला होता. ‘साहेब, जरा वेळ आहे का?’ मी म्हणालो, ‘वर्षअखेरची गर्दी संपू दे, मग निवांत बसू.’ डिसेंबरात पार्टीला माझ्या ग्लासात बीअर ओतत म्हणाला, ‘साहेब, एक विचारायचं होतं.’ मी त्याच्या पाठीवर थाप मारली, ‘आज कामाचं नाव नको, पी!’ जानेवारीत बर्फ पडत असताना टोपी हातात धरून यंत्रापाशी उभा होता. चेहरा उतरलेला. मी विचारलं, ‘तब्येत बरी नाही का? जा, घरी जा, आराम कर.’ आणि अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. घरी येऊन आईला सांगितलंही होतं, की पोराला आज मी सुट्टी दिली म्हणून. तीनही वेळा मी त्याच्याशी किती प्रेमाने वागलो बघ! आणि तीनही वेळा त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

हे सगळं मी त्या खोलीत मोठ्याने सांगितलं. माझा आवाज मला ओळखू येत नव्हता. वाकुईबाईंनी ‘तुमची चूक नाही’ वगैरे म्हटलं नाही. त्यांनी लिहून घेतलं, इतकंच. रेकॉर्डर बंद केल्यावर मात्र चहा ओतताना म्हणाल्या, ‘बँक सोडताना मी काय केलं होतं माहितीये? नवऱ्याला फोन करायला लावला होता. सोळा वर्षांची नोकरी! आमचे साहेबही फार चांगले होते हो.’ त्या हसल्या, मलाही हसू आलं. परतीच्या गाडीत मात्र मी सूटच्या बाहीने डोळे पुसत बसलो होतो. समोरची शाळकरी मुलगी तिच्या मोबाइलमध्ये डोकं घालून, न दिसल्याचं सोंग करत होती.

ओत्सुबोचं सामान तोवर कपाटातच पडलं होतं. बूट, थर्मास, एक वही. मीच पाठवायचं टाळत होतो. मे संपता संपता मी ते आमच्याच एका खोक्यात नीट भरलं आणि वर चिठ्ठी ठेवली, ‘तू तीनदा आलास. तीनदा मी ऐकलं नाही. माफ कर. याला उत्तर द्यायची गरज नाही.’ ही एवढी चिठ्ठी लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या. जुलैत त्याचं उन्हाळ्याचं शुभेच्छापत्र आलं. मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, की त्याच्या आजीचं डोकं आता नीट चालत नाही, ती एकटी राहू शकत नाही. त्याला विचारायचं होतं ते एवढंच, की आठवड्यातून तीन दिवस कामावर आलं तर चालेल का.

मिसुझु, त्याला नोकरी सोडायचीच नव्हती.

मी ते कार्ड घेऊन मालकांकडे गेलो. ते आधी गुरगुरले. तीन दिवसांचा कामगार म्हणजे काय, अर्धं खोकं का, असं म्हणाले. मी म्हणालो, अर्ध्या खोक्यातही माल जातो, आणि चालत नसेल तर माझ्याजागी दुसरा माणूस बघा. तेहतीस वर्षांत मी त्यांना असं पहिल्यांदा बोललो. ऑगस्टपासून आमच्याकडे तीन दिवसांच्या कामाची सोय झाली. ओत्सुबो मात्र परत येणार नाही. हिमीच्या मासळीबाजारात त्याला पहाटेचं काम मिळालंय, आठला तो आजीपाशी घरी असतो. त्या सोयीचा पहिला फायदा कुणी घेतला सांग बघू? इगाराशीबाईंनी! त्यांचा नवरा वर्षभर आजारी आहे, आणि हे आमच्यापैकी कुणालाही ठाऊक नव्हतं. इतकं बोलणारी बाई, पण एवढंच बोलली नव्हती.

सप्टेंबरात एका शनिवारी ओत्सुबो स्वतः आला. हातात बर्फात घातलेले मासे, तोंड लाल. फाटकाशी उभा राहून आधी कमरेत वाकला तो उठेचना. मी त्याला कँटीनमध्ये बसवला आणि स्वतःला बजावलं की तू गप्प बस. तो दीड तास बोलला. जाताना म्हणाला, ‘साहेब, तुम्ही रागीट असतात ना, तर मी एकदा चिडून सांगून मोकळा झालो असतो. तुम्ही इतके चांगले वागायचात की माझं तोंडच उघडेना.’ हे वाक्य ऐकल्यापासून मला चैन नाही.

कारण ऑगस्टमध्ये तू आली होतीस. पितरांच्या दिव्यांची संध्याकाळ होती, मी ओट्यावर कलिंगड कापत होतो, आणि तू मागे येऊन म्हणालीस, ‘बाबा, तुला एक सांगायचं होतं.’ मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. ‘आधी हे खा, कसलं गोड निघालंय!’ तू खाल्लंस. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेलीस, आणि तेव्हापासून दर रविवारी तुला काम असतं. कानाझावा इथून पाऊण तासावर आहे, मिसुझु. मी आईला विचारलं. ती म्हणते, ‘मला माहितीये, पण मी सांगणार नाही. तिचं तिला सांगू दे.’ मी तर्क करत बसलेलो नाही. तुला शिक्षण सोडायचं असेल, लग्न करायचं असेल, करायचं नसेल, फार लांब जायचं असेल, किंवा मला ज्याचं नावही माहीत नाही असं काही असेल. मी वाकुईबाईंना काल फोन करून सांगितलं की माझी मुलाखत तुला वाचायला द्या. वाचल्यावर राग आला तर येऊ दे. येत्या रविवारी सकाळी दहाच्या गाडीने मी कानाझावाला येतोय, आईला न घेता, हातात काहीही न घेता. स्टेशनबाहेर भेट. ऑगस्टमध्ये जे सांगणार होतीस ते सांग, हवा तेवढा वेळ घे. मधे थांबलीस तर मी थांबून राहीन.

तुझाच,
बाबा