आधी बाण, मग फळ्या

सोमवार, ३ तारीख

नोकरी लागली. हे वाक्य मी या वहीत याआधीही लिहिलंय, पण या वेळी टिकवायची आहे, कारण शब्द ताईने टाकलाय. बेकरीत माझ्या हातून पाव जळले, होडीवर मळमळलं, मेंढ्यांचं तर नावच नको. ताई म्हणाली, आता पळालास तर मला तोंड दाखवू नकोस. तिला तोंड दाखवायचंय मला. आई गेल्यापासून तेवढं एकच घर उरलंय, जिथे मी न विचारता जेवायला बसतो.

शिवाय ती रोज याच स्टेशनवर गाडी बदलते. वरच्या फलाटावर उतरायचं, खालच्या फलाटावरून दवाखान्यात कामाला. म्हणजे रोज भेट. जाता जाता कान धरायलाही सोपं, असं तीच म्हणाली.

काम मजेचं आहे. स्टेशनची दुरुस्ती चालू आहे. रोज एखादी वाट बंद होते, दुसरी उघडते. लोकांना रस्ता दाखवणाऱ्या बाणांच्या पाट्या काढायच्या आणि लावायच्या. एक शिडी, एक पाना. मला रस्ते दाखवायला ठेवलंय हे ऐकून भावजी इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मंगळवार, ४

मुकादमांनी सगळं स्टेशन फिरवून दाखवलं. मुळात ही दोन स्टेशनं. वरचं एका कंपनीचं, विटांचं, उंच कमानींचं. दुसऱ्या कंपनीने रस्त्यापलीकडे खोल खणून आपलं खालचं बांधलं. दोघांत विळ्याभोपळ्याचं सख्य. गाडी बदलायची तर बोचकी उचलून बाहेर या, रस्ता ओलांडा, दुसरं तिकीट काढा. पुढे दोन्ही एकाच मालकाकडे आली आणि रस्त्याखालून बोळ काढला. दोन्हीकडून खणत आले आणि मध्ये भेटले ते वाकडे. म्हणून बोळाला पोटात एक वळण आहे. अर्ध्या भिंतींना हिरव्या फरश्या, अर्ध्यांना पिवळ्या. सोयरीक झाली, पण मनं जुळली नाहीत. नंतर तिसरी लाईन आली, तेव्हा सापडेल त्या फटीत जिने घुसवले. एक जिना चढतो आणि लगेच उतरतो, कशासाठी ते कोणालाच ठाऊक नाही. मी तो दोनदा चढलो-उतरलो. मुकादम खालीच उभे राहिले.

त्यांचा एकच नियम. वाट बंद करताना आधी बाण काढायचा, मग फळ्या ठोकायच्या. उलटं कधी नाही. मी विचारलं, उलटं झालं तर लोक फळ्यांवर आपटतील का. ते म्हणाले, आपटले असते तर बरं होतं.

मी हसलो. त्यांनी बिडी पेटवली.

गुरुवार, ६

आज बोळ बंद करायचा होता. सुतार फळ्या घेऊन आले, तेव्हा मी शिडीवर असायला हवं होतं. पण कमानीत एका कबुतराने चक्क तारांचं घरटं केलंय, ते बघत बसलो. येऊन बघतो तर फळ्या ठोकून सुतार चहाला गेलेले, आणि बाण तसाच. तेवढ्यात वर गाडी लागली.

जिन्यावरून लोंढा उतरला. म्हटलं, मेलो, आता चेंगराचेंगरी. जीव मुठीत धरून गर्दीतून पुढे घुसलो.

फळ्यांसमोर कोणी नव्हतं.

गाडीतली सगळी माणसं जिन्याखाली बाणाकडे वळली होती, मी डोळ्यांनी पाहिलं. पण लोक साचले नाहीत. परत फिरलं नाही कोणी. फळ्या चाचपून पाहिल्या. नखही शिरणार नाही इतक्या घट्ट.

बाण काढला. मुकादमांना सांगितलं नाही. ताईने शब्द टाकलाय.

शुक्रवार, ७

ताई भेटली. काल ती त्याच गाडीने आली होती. म्हणाली, बोळ काल लांबलचक वाटला, भिंती सगळ्या हिरव्याच, पिवळ्या आल्याच नाहीत. कामावर पोचली तर दुपार झालेली, मोठ्या नर्सबाई रागावल्या. ताई घड्याळाला दोष देत होती. आजही तिकडूनच आले, म्हणाली.

मी म्हटलं, बोळ बंद आहे.

ती म्हणाली, चल, चावट. बाण आहे की तिथे.

जाऊन पाहिलं. पाटी काढली होती त्या जागी रंगाचा जुना बाण. खरवडला. त्याखाली आणखी जुना, वेगळ्या रंगाचा. तोही खरवडला. नखं रक्ताळली. खाली अजून एक आहे.

शनिवार, ८

मुकादमांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. फक्त विचारलं, तुझं कोणी त्या वाटेने येतं का. मी ताईचं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, तिला बाहेरून ने, रस्त्यावरून. पायांना सवय लागायच्या आत.

लागली तर? विचारलं. ते शिडी उचलून चालू लागले.

सोमवार, १०

वरच्या फलाटावर तिला गाठली. हात धरला. ती हसायला लागली, मी काय कुकुलं बाळ आहे का रे. बाहेरच्या दाराकडे ओढत होतो. गर्दी आली. हात सुटला.

तिने मागे वळून पाहिलं. मला बघून नाही थांबली. पाय चालत होते. फळ्यांशी आली तरी वेग कमी नाही — कोपऱ्यावर वळावं तशी वळली — आणि

फक्त फळ्या.

मंगळवार, ११

भावजींचा फोन. रात्री घरी आली नाही. तुझ्याकडे आहे का, विचारत होते. काय सांगू. हो म्हटलं.

सुतारांना फळ्या काढायला लावल्या. मागे माती. नुसती माती, वरपर्यंत.

फळ्या परत ठोकल्या. मुकादम नको नको म्हणत असताना पाटी मीच लावली. बाण जागेवर. आता पुढच्या गाडीची गर्दी उतरेल, तिच्यात शिरायचं. फळ्यांकडे बघायचं नाही. बाणाकडे बघायचं.

मंगळवारच असेल

हिरव्या भिंती. वळण येतच नाही. लोक उभे आहेत, खूप — काहींचे कपडे फार जुन्या तऱ्हेचे — बोचकी घेऊन. कोणी बोलत नाही. पुढे बाण नाही, म्हणून थांबलेत सगळे.

ताई सापडली. बरी आहे. थकलीय. मागे वळलो तर मागेही गर्दी, आणि भिंत.

माझं कामाचं पिवळं जाकीट बघून एकेक माणूस वळला. आता सगळे माझ्याकडे बघतायत. ताई म्हणाली, तू रस्ते दाखवतोस ना रे, दाखव की.

मला माहीत नाही असं तिला कसं सांगू. हात वर केला. उजवीकडे, उगाच —

निघाले. सगळे. ताईही त्यांच्यात.

हात खाली येत नाहीये. वही भिंतीला टेकवून डाव्या हाताने लिहितोय. ताईला हाक मारली, ती बोटाकडेच बघते, माझ्याकडे नाही. तिकडे पावलांचा आवाज एकाएकी तुटतो. एकेकाचा. ताई, तिकडे काय आहे ते मला — थांब, ताई, मी खोटंच —