महेशला मारलेली थप्पड

परतूर, मंगळवार, १२ डिसेंबर २००६

आज मी महेशला मारलं. सख्ख्या लहान भावाला, दवाखान्याच्या पलंगाला चादरीने बांधलेला असताना.

दुपारी आमच्या कापसाच्या जिनिंगच्या मशीनमध्ये त्याचा उजवा हात गेला. तीन बोटांचा चेंदा झाला. डॉक्टरांनी दुखणं थांबवायची दोन इंजेक्शनं दिली, तरी तो गुरासारखा ओरडून राह्यला. कंपाउंडरच्या मनगटाला रक्त येईपर्यंत चावला. "भैया, काहीच असर न्हाई, अजून द्यायला सांग," म्हणाला. मला वाटलं, जुनी अफूची तलब, नाटक करून राह्यलाय. उघड्या तळहाताने तोंडावर ठेवून दिली. मंग अजून एक. ओठ फाटला.

दुसरी कोणती औषधं चालू आहेत का, असं डॉक्टरांनी आधीच विचारलं होतं. मी न्हाई म्हणालो. खोटं कुठं होतं? अफू सोडवायची, जिभेखाली ठेवायची गोळी मीच परवा बंद केल्ती. मुलीवाले त्याला बघायला येणार होते, त्यांच्यासमोर गोळ्या नकोत म्हणून.

मारल्यावर मी डॉक्टरांना गोळीचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "अहो, बंद केली तरी ती काही दिवस अंगात राहते. दुखण्याच्या इंजेक्शनचा असर तीच अडवते, मग ते लागू कसं होईल?"

आता दुसरं औषध देऊन झोपवलंय. माझा तळहात अजून चुरचुरतोय. दोनदा धुतला.

काकांच्या बाराव्याला मूळ गावी मारवाडात, रिवाजाप्रमाणे अफूचं पाणी मी याच तळहातावर घेऊन पहिल्यांदा महेशच्या तोंडाशी धरलं होतं. तो नको म्हणत होता. सगळे बघत होते, म्हणून मी मान दाबून पाजलं.