अळ्यांचा बंदोबस्त

४ मार्च, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. घरामागच्या बागेत यापुढे फक्त इथली रानफुलं. मधमाश्या, फुलपाखरं आपणहून येतील. काल जेवताना जाहीर केलं. हिने मुकाट्याने भाजी वाढली. म्हणजे संमती.

पाय मोडल्यापासून सासरेबुवा आमच्याकडे आहेत. मागच्या खोलीत, खिडकीपाशी. चाळीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, माझ्याबद्दल एक बरा शब्द काढलेला नाही. मेहुण्याचं मात्र तोंड भरून कौतुक. खिडकीत फुलपाखरं आली की कसे बोलत नाहीत तेच बघतो.

५ मार्च
हिचे गुलाब उपटले. मधमाश्यांना त्यांचा काडीचा उपयोग नाही, असं वाचलंय. ही म्हणाली, ती आईने जाण्यापूर्वी दिलेली कलमं होती. हे आधी सांगायला नको का?

२० मार्च
बिया टाकल्या. वर वीतभर माती, सुरक्षित राहाव्यात म्हणून. सासऱ्यांनी खिडकीतून विचारलं, जावईबापू, पेरताय की पुरताय? या वयातही विनोदबुद्धी शाबूत आहे.

११ एप्रिल
काहीच उगवलं नाही. बियाणं फसवं. ही नर्सरीतून तयार रोपं घेऊन आली. खिडकीलगत कुठली लावायची ते सासऱ्यांनी सांगितलं: पान तोडलं की चीक येतो ती. दिसायला सामान्य आहेत, पण म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये.

ऑफिसातलं हजेरीपत्रक मीच सांभाळतो. त्याच धर्तीवर बागेचं सुरू केलं. मधमाश्या: गैरहजर. फुलपाखरं: गैरहजर. मुंग्या: हजर, विनापरवाना.

२ मे
पहिली मधमाशी! अगदी जवळून निरीक्षण केलं. डोळा सुजून बंद. रजा टाकली. सासऱ्यांना इतकं हसताना कधीच पाहिलं नव्हतं. बागेचा गुण येतोय.

१९ मे
सासऱ्यांमध्ये कमालीचा फरक. सकाळी उठल्या उठल्या चष्मा मागतात. खाट खिडकीला चिकटवून घेतली. जेवण वाढलंय. हिच्या कानात काहीतरी सांगतात, मी गेलो की दोघं गप्प. उशाखाली एक कागद, त्यावर नुसते आकडे. नऊ, बारा, चौदा. भ्रम सुरू झाला असावा. हिला अजून सांगितलं नाही.

२३ मे, सकाळी ७.००
घात! चिकाच्या रोपांवर अळ्या. काळे-पिवळे पट्टे, बोटाएवढ्या जाड, पानं फस्त करतायत. तेही नेमकं सासऱ्यांच्या डोळ्यांसमोर. बिचारे रोज हे बघत असतील आणि संकोचाने सांगत नसतील.

ही त्यांना अंघोळ घालत होती, तेवढ्यात साबणाच्या पाण्याची बादली घेतली. एकेक वेचून आत. दोन पानाखाली उलट्या लटकून लपल्या होत्या, त्यांनाही सोडलं नाही. एकूण चौदा. वरून औषध मारलं.

७.४०
सासऱ्यांना बादली दाखवली. कितीतरी वेळ आत बघत राहिले. इतका भारावलेला माणूस मी पाहिलेला नाही.

२४ मे
सासऱ्यांनी खाट फिरवून घेतली. तोंड भिंतीकडे. उजेड सोसत नसावा. जेवले नाहीत. ही माझ्याशी बोलत नाही. उकाडा फार आहे.

२६ मे
ही बोलली. म्हणाली, त्या अळ्यांचीच फुलपाखरं होणार होती. मी म्हटलं, सगळ्यांची थोडीच झाली असती? म्हणाली, बाबा दहा दिवस त्यांच्यावर जगत होते, आणि तुम्हाला कळू द्यायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं.

म्हणजे त्यांना मला सरप्राइज द्यायचं होतं, आणि मला त्यांना. दोघांच्या मनात एकच. भरून आलं.

३० मे
मेहुणा गाडी घेऊन आला. सासरे त्याच्याकडे गेले. हीसुद्धा, चार दिवसांसाठी. तीन सुटकेस. मी वाकून नमस्कार केला तेव्हा सासरे म्हणाले, जावईबापू, आता कुणाचीही काळजी घेऊ नका. किती समजून घेतात.

१२ जून
चार दिवसांचे तेरा झाले. बाग टवटवीत. एका पानाला छिद्र नाही. औषध दिवसाआड. तरी मधमाश्या गैरहजर. शेजारीच काहीतरी गडबड करत असणार.

१८ जून, सकाळी ६.४५
फुलपाखरू! नारिंगी, काळी किनार. खिडकीलगतच्या फुलावर. नाक लावलं तरी हललं नाही, इतका विश्वास. वीस मिनिटं झाली. अकरा फोटो हिला पाठवले.

७.३०
हिचा फोन. बाबांनी फोटो मोठा करून पाहिला. म्हणाले, त्याला जरा बोट लावून बघायला सांग.

७.३२
बोट लावलं. खाली पडलं.

७.३५
पुन्हा हिचा फोन. उडालं का? मी म्हटलं, उडालं.

तिने तिकडे सांगितलं. मग सासऱ्यांनी स्वतः फोन घेतला. म्हणाले, शाब्बास जावईबापू, मी तुम्हाला ओळखलंच नाही. मादी आहे ती, अंडी घालून गेली असणार. पानांच्या मागे बघा, हात लावू नका. आम्ही दोघं उद्या सकाळी येतोच. माझी खाट खिडकीपाशी लावून ठेवा.

९.५०
दोन तास पाइप लावून पानं धुतोय. औषधाचा वास जात नाही.