उजवीकडची खुर्ची

हैदराबाद,
६ फेब्रुवारी २०२४

ती. रुद्रम्माआत्यांस,
महेश्वरीचा सा. न. वि. वि.

मी फोन उचलत नाही म्हणून तुम्ही रागावलात, हे फोन बंद करण्याआधी आईकडून कळलं. फोन बंद ठेवलाय, कारण त्यावर आपलं अर्धं भूम गाव येऊन बसलंय. शिवाय फोनवर तुम्ही मला दुसऱ्याच वाक्याला तोडता. पत्रात ते जमायचं नाही, म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाचा, मग काय झोडायचं ते झोडा.

मला काही लागलेलं नाही. कोणी दगावलंही नाही. बातम्यांत ओरडत होते तसं विमान कोसळलं नाही. धावपट्टी संपली तरी ते थांबलं नाही आणि पुढच्या मातीत रुतलं. दारातल्या घसरगुंडीवरून उतरताना एक आजीबाई पडल्या, त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. त्यांचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही.

आता आईबाबांना सांगितलं नाही ते. कॅप्टन म्हणून डावीकडच्या खुर्चीवर अमरनाथकाका होते, एवढं सगळ्यांना माहीत आहे. बाबांचे मावसभाऊ, गावातले पहिले वैमानिक, मला या क्षेत्रात आणणारे. आम्ही पहिल्यांदाच एकत्र उडत होतो. कॉकपिटमध्ये शिरताच मी त्यांच्या पाया पडले. केबिनमधल्या मुलीनं फोटो काढला, तो मी लगेच गावी पाठवला; अपघाताची बातमी यायच्या आतच तो भूमच्या चौकात फ्लेक्सवर लागला आणि अजून झळकतोय. मी त्यांना कॅप्टन म्हणाले तर ते हसले. म्हणाले, कॅप्टन-बिप्टन परक्यांसाठी, मला काकाच म्हण. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

उतरताना विमान ते चालवत होते. उजवीकडच्या खुर्चीचं, म्हणजे फर्स्ट ऑफिसर म्हणून माझं, काम आकड्यांवर नजर ठेवायचं आणि काही बिघडलं तर स्पष्ट बोलायचं. आम्ही हवं त्यापेक्षा उंच होतो, वेग जास्त होता आणि वारा मागून ढकलत होता. अशा वेळी उतरायचं सोडून पुन्हा वर जायचं असतं. त्यासाठी ठरलेले शब्द आहेत, गो अराउंड. दोघांपैकी कोणीही म्हणावेत आणि दुसऱ्यानं वाद न घालता ऐकावेत. काका तेव्हा मराठीतून भूमच्या खव्याबद्दल बोलत होते, की पूर्वीसारखा आता मिळत नाही. मी त्यांचं बोलणं संपायची वाट पाहिली. मग विचारलं, काका, जरा वरच राहिलोय का आपण? ते म्हणाले, बघू गं.

मी गप्प बसले. पुढचं तुम्ही टीव्हीवर पाहिलंत.

चौकशी समितीनं दोघांना बोलावलंय. आमचं बोलणं यंत्रात रेकॉर्ड झालेलं आहे, त्यामुळे मी काय बोलले यावर वाद नाही. मला काय म्हणायचं होतं, ते विचारतील. काकांनी लिहून दिलंय की मुलगी शिकण्यासाठी विचारत होती, इशारा तिनं दिलाच नाही. आत्या, मी काय सांगू?

रागवा, पण उत्तर लवकर पाठवा.

तुमची,
महेश्वरी


धाराशिव,
१० फेब्रुवारी २०२४

चि. महेश्वरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र शेवटपर्यंत वाचलं. चारदा तुला तोडावंसं वाटलं, पण कागद काही थांबत नाही, हे तू बरोबर हेरलंस.

पहिला राग त्या फोटोवर. पाया पडायला दिवाळी आहे, लग्नकार्यं आहेत, आमच्यासारख्या म्हाताऱ्यांची गुडघेदुखी आहे. मागं विमानभर माणसं बसवून पाया कसली पडतेस? आणि तो थोर माणूस तुला थांबवतही नाही! वर खव्याचं कीर्तन. त्या आजीबाईंनी तिकीट काढलं होतं ते काय खवा कसा आटवायचा हे ऐकायला?

काल प्रेमाबाई आली होती, अमरनाथची बायको. भूमहून एसटीनं, उन्हाची, हातात पेढ्यांचा पुडा. आधी रडली, मग मुद्द्यावर आली. म्हणाली, अक्का, यांच्या निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत. पोर घरातलीच आहे. मी सहज विचारलं होतं, एवढं ती म्हणाली तर कुणाचंच वाईट होत नाही. मी विचारलं, त्या आजीबाईंचं काय? तर म्हणे त्यांचं कंपनी बघेल. पेढे मी परत केले. एक खाऊन केले, राग वेगळा आणि पेढा वेगळा.

जाताना मात्र ती एक बोलून गेली. म्हणाली, हे जेवणाच्या ताटावर बसतात आणि तसेच उठतात. मला ठाऊक आहे, अमरनाथ बदमाश नाही. अवघड आहे ते त्यामुळेच. बदमाश असता तर तू केव्हाच ओरडली असतीस.

आता तुझी पाळी. नोकरीची सगळी वर्षं मी कोर्टात लोकांच्या साक्षी उतरवून घेतल्या. धडधडीत खोटं बोलणारे थोडे असतात. बाकीचे खरंच सांगतात, पण ते इतकं मऊ करून की कुणाच्या कानाला लागत नाही. साहेब, तसं म्हणायला गेलं तर, अशी सुरुवात झाली की मला कळायचं, आता पान भरणार आणि हाती काही लागणार नाही. सोलापूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला बाकावर उभं करायच्या. बोललेलं शेवटच्या बाकापर्यंत पोचेपर्यंत खाली बसू द्यायच्या नाहीत. तुझं तर शेजारच्या खुर्चीपर्यंतही पोचलं नाही!

मला सरळ उत्तर दे. तू विचारत होतीस, की सांगत होतीस?

आशीर्वाद आहेतच. गप्प बसण्यासाठी मात्र ते वापरू नकोस.

तुझी आत्या,
रुद्रम्मा


भूम,
१३ फेब्रुवारी २०२४

चि. महेश्वरी हिला,
बाबांचे आशीर्वाद.

दुकानाची बिलं सोडून मला लिहायची सवय न्हाय. पण तू फोनच घेईनास. तुझी आई लई घाबरलीय, देवापुढून उठंना.

अमरनाथ दुकानात येऊन गेला. पोत्यावर बसला, चहा घेतला न्हाय. त्यानं माझ्याकडं काही मागितलं न्हाय. मागितलं ते प्रेमावहिनींनी, तो गेल्यावर. पोरी, तुला पायलट करायचं म्हणल्यावर सगळी भावकी हसली होती. हा एकटा म्हणाला, होईल, मी बघतो. आणि त्यानं बघितलं. आता त्याच्यावर आलंय तर आपण तोंड फिरवायचं व्हय? मी तुला खोटं बोल म्हणत न्हाय. तू विचारलं तर होतंच की. तेवढंच सांग. जास्तीचं कशाला?

अक्काच्या नादी लागू नको. तिनं जन्मभर लोकांची भांडणंच लिहून घेतली.

फ्लेक्स अजून चौकात हाय. लोक थांबून बघत्यात. काढावा का ठेवावा, काही कळंना.

जेवत जा. आमचा जीव तुझ्यात अडकलाय, एवढं ध्यानात असू दे.

तुझे बाबा,
शरणबसप्पा


हैदराबाद,
१७ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यांस,
सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र वाचून खूप रडले. त्यात एकही ओळ खोटी नाही, आणि तसं वागले तर सगळंच खोटं होईल.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: सांगत होते. ते शब्द जिभेवर आले होते. सिम्युलेटरमध्ये, म्हणजे सरावाच्या नकली कॉकपिटमध्ये, परक्या कॅप्टनला मी ते खणखणीत ऐकवते. पण त्यांना मी काका म्हणत नाही ना! काकांना हुकूम सोडल्यासारखं कसं म्हणायचं?

आपल्या घरी थोरांना कोणी काही सांगत नाही, सगळे विचारतात. तुम्ही सोडून. मागच्या दिवाळीत स्वयंपाकघरात गॅसचा वास सुटला होता. आईनं बाबांना विचारलं, जरा वास येतोय का हो? बाबा म्हणाले, बघू, आणि पेपर वाचत राहिले. आई गुपचूप मागं गेली आणि तिनं सिलिंडर बंद केला. बाबांना आजही वाटतं, वास नव्हताच. आमचं घर असं चालतं, आणि चांगलं चालतं, कारण कोणीतरी मागं जाऊन सिलिंडर बंद करतं. विमानात तसं मागं जाता येत नाही.

काकांचं घरही असंच असणार. त्यांना खरोखर वाटलं असेल की मी विचारतेय. ते खोटं बोलत नाहीत, हेच मला खातंय. मी सांगत होते असं मी म्हणाले, तर त्यांची कारकीर्द माझ्या तोंडून संपते. विचारत होते म्हणाले, तर उद्या पुन्हा कोणातरी काकांच्या शेजारी बसून वाट बघेन, त्यांचं बोलणं संपायची. आणि मागं माणसं असतील.

सुनावणी पुढच्या सोमवारी आहे. माया आहेच, थोडा धीरही पाठवा.

तुमची,
महेश्वरी


धाराशिव,
२० फेब्रुवारी २०२४

चि. महेश्वरीस, आशीर्वाद.

मुद्दाम पोस्टकार्ड पाठवतेय. पोस्टमननं वाचलं तरी चालेल. अमरनाथची कारकीर्द तुझ्या तोंडात नाही, त्या धावपट्टीच्या टोकाला आहे. दोन्ही सांग. तू सांगत होतीस हे सांग, आणि सांगितल्यासारखं सांगितलं नाहीस हेही सांग. काही मऊ करू नकोस, स्वतःसाठीसुद्धा.

तुझ्या आईला, शांतम्माला, फोनवर सिलिंडरचं विचारलं. म्हणाली, दरवेळी मीच बंद करते. तुझ्या बापाला हे आजच कळलं. तेव्हापासून तो स्वयंपाकघरात जाऊन हुंगून येतोय.

शेवटच्या बाकापर्यंत.
आत्या


हैदराबाद,
२७ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यांस,
सा. न. वि. वि.

झालं.

काका आणि मी एकाच टेबलाशी होतो, मध्ये एक रिकामी खुर्ची. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. समितीनं आमचं बोलणं ऐकवलं. माझा आवाज अंगणातून हाक मारणाऱ्या लहान मुलीसारखा होता. आणि काकांचं ते बघू गं! त्यात नुसती माया होती. ते मला झिडकारत नव्हते, आत्या. ते मला थोपटत होते. खोलीभर भोंगा वाजावा तसे त्यामागून विमानाचे इशारे ऐकू येत होते.

अध्यक्षांनी विचारलं, तुम्हाला काय म्हणायचं होतं? माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, काका. मी थांबले, पाणी प्यायले आणि काकांऐवजी कॅप्टन असं म्हणत पुन्हा सुरुवात केली. म्हणाले की हे विमान उतरू नये, असं मला ठाम वाटत होतं आणि मी तोच इशारा देत होते. ठरलेले शब्द मी वापरले नाहीत. कॅप्टननी मला ते म्हणायला बंदी केली नव्हती. पण त्यांनी काका म्हणायला सांगितलं आणि मी आनंदानं म्हणाले, त्या क्षणी उजवीकडची खुर्ची रिकामी झाली. त्यांच्या शेजारी पुतणी बसली होती, वैमानिक कोणीच नव्हतं.

अध्यक्षांनी हे सगळं शब्द न् शब्द लिहून घ्यायला सांगितलं.

मला काही महिने उडता येणार नाही. पुन्हा प्रशिक्षण, पुन्हा परीक्षा. काकांचं उड्डाण बंद झालं. त्यांच्या वयात ते पुन्हा सुरू होईलसं वाटत नाही.

बाहेर पॅसेजमध्ये ते समोर आले. सवयीनं मी वाकले. त्यांनी पाय मागं घेतले आणि निघून गेले. तेवढंच माझ्याबरोबर घरी आलंय.

मी खरं बोलले, पण बरं वाटत नाहीये. तुमच्या कोर्टातल्या माणसांना वाटायचं का?

तुमची,
महेश्वरी


भूम,
१८ मार्च २०२४

फर्स्ट ऑफिसर महेश्वरी यांस,
अमरनाथचा स. न. वि. वि.

मी पाय मागे घेतले त्याचा तुम्ही वेगळा अर्थ लावला असेल, असं रुद्रम्माअक्का घरी येऊन सांगून गेल्या. सांगून म्हणजे कसं, ते तुम्हाला ठाऊक आहे. शेजारचे दुकानदारही गोळा झाले होते. मी रागानं पाय मागे घेतले नाहीत. ते पुढे करायची माझी हिंमत झाली नाही.

माझं म्हणणं आजही तेच आहे, ते शब्द तुम्ही म्हणायला हवे होते. पण तुम्ही म्हणाला असतात तर मी ऐकलं असतं की पुन्हा बघू गं म्हणालो असतो, हे यंत्रात नाही. मी रोज तिथवर येतो आणि अडतो.

त्या आजीबाईंना भेटून आलो. वॉकर धरून चार पावलं टाकतात. विमान कोण चालवत होतं, हे त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मी. त्या म्हणाल्या, फार जोरात येतंय असं मलाही वाटलं होतं, पण म्हटलं पुढं बसलेल्यांना कळत असेलच.

चौकातला फ्लेक्स शरणबसप्पांना काढवेना, म्हणून मी स्वतः शिडी लावून उतरवला. इतक्या जवळून तो मी पहिल्यांदाच पाहिला. तुम्ही माझ्या पायांकडे बघताय. मी कॅमेऱ्याकडे बघून हसतोय. मागे विमानाची समोरची काच दिसते. तिच्यातून बाहेर कोणीच बघत नाही.

पुन्हा उडायला लागाल तेव्हा मला काही कळवू नका, समोर बघा. भूमला आलात की तुमच्या बाबांच्या दुकानावरूनच काका म्हणून हाक मारा. लोभ आहे, तो मी घरी सांभाळून ठेवलाय.

आपला,
अमरनाथ