भिंतीला कान लावायचा धडा

मास्तर,

भाकरी दुरडीत हाय, कालवण चुलीवर हाय. तुमची छडी मी चुलीत घातली, तिच्यावरच ते शिजलं.

शाळा आन् आपलं घर, मधी एकच भिंत. काल भाकरी थापताना तुमचा धडा सगळा ऐकला. विहिरीत दगड टाकला की पाणी जागच्या जागीच हलतं, लाट तेवढी काठाला जाती. आवाजबी तसाच लाटंनं जातो, हवेतनं जातो आन् भिंतीतनं त्याहून लवकर जातो. मग तुमी पोरांना भिंतीला कान लावायला सांगून दुसऱ्या टोकाला टकटक केलीत.

तवा जोतीरामाची नकोशी म्हणाली, "गुरुजी, परवा बाईंचं डोस्कं हितं आपटलं, तवाबी असाच आवाज आला हुता."

एवढ्यासाठी त्या पोरीचा हात छडीनं फोडलात. दार लावून मला मारलं की कुणाला कळत न्हाय, असं वाटलं व्हय तुमाला?

माझं डोस्कं मी सोसलं. तिच्या हातावरची छडी भिंतीतनं ऐकली, ती सोसंना.

मी कळंबला माहेरी गेले न्हाय, उगं गाडी जुंपू नका. शाळा तपासणारे दिपोटीसाहेब चावडीत उतरल्यात, नकोशीला घेऊन तितं चाललेय. मुसळ संगं हाय. आडवं आलात तर टाळक्यात घालीन.

साहेब आवाजाचा धडा इचारणार, म्हणून पोरांकडनं घोकून घेत हुता न्हवं? नकोशीला तो पुरता आलाय. तीच सांगंल.

फुला