पाव्हण्यांपुढचं लुगडं

बारामती,
ता. २० नोव्हेंबर १९५५

तीर्थस्वरूप प्रयागअक्कास, धाकट्या रामहरीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

इकडं आम्ही खुशाल. लासुर्ण्याला आईचा गुडघा बरा आहे, उसाला तुरे आलेत. भाऊबीजेला कचेरीत काम निघालं, म्हणून तुझ्या वाडीकडं निघालेल्या तात्याबाच्या हाती ओवाळणीचं लुगडं पाठवलं होतं. ते त्यानं काल घडीसकट परत आणून दिलं.

काम नव्हतं, अक्का. कचेरीला सुट्टी होती.

हे पत्र दाजी तुला वाचून दाखवतील. सगळं त्यांच्यासमोरच घडलं, तर त्यांच्याच तोंडून ऐक.

उन्हाळ्यात आमचे साहेब एका परदेशी पाहुण्याला घेऊन तुझ्या वाडीवर येणार होते. त्याच्या देशाकडून जमिनीत खोल भोक पाडून पाणी काढायचं यंत्र मिळणार होतं, आणि गरज कुठं आहे ते तो डोळ्यांनी पाहणार होता. मी ग्रामसेवक, फार शहाणा, आदल्या दिवशीच येऊन बसलो. तू अंगण सारवलंस, पितळी भांडी चिंचेनं घासून फळीवर मांडलीस आणि माझ्या लग्नातलं हिरवं लुगडं नेसलीस. म्हटलं, एवढं चांगलं दिसलं तर यंत्र दुसरीकडं जाईल. गोधडीसाठी काढून ठेवलेल्या जुनेरांतून फाटकं लुगडं मीच ओढून तुझ्या हातात दिलं. भांडी कणगीमागं लपवली. पाण्याबरोबर द्यायचा गूळही आत ठेवायला लावला.

तू एवढंच म्हणालीस, "आरं, पाव्हण्याला नुसतं पानी द्यायचं व्हय?"

दाजी उठून गोठ्यात गेले. तू फाटका पदर मुठीत धरून बाहेर आलीस. पाहुण्यानं फोटो काढला. मला तेव्हा लाज वाटली नाही, काम फत्ते झालं असंच वाटलं.

यंत्र आलं, पण उतरलं कालव्याकाठी, जिथं विहिरी आधीच भरलेल्या. साहेब म्हणाले, गाडी जड आहे, माळावर चढायची नाही, पक्का रस्ता कालव्यापर्यंतच आहे. आजोबांच्या काळी विलायतेच्या साहेबानं कालव्याची रेघ ओढली. तिच्यामागं ऊस आला, उसामागं रस्ता, आणि आता रस्त्यामागं यंत्र. आपलं घर त्या रेघेच्या ओल्या अंगाला, आणि तुला आपणच कोरड्या अंगाला दिली. श्रीमंत देशाची मदतसुद्धा त्याच रेघेनं चालत येते. तुझ्या वाडीचं काय, हे मी साहेबांना विचारायला हवं होतं. बदलीच्या भीतीनं मी नुसती मान डोलावली.

तो फोटो आता कचेरीच्या भिंतीवर आहे. मी त्याच्याखालीच बसतो. येणारे-जाणारे विचारतात, कोण ही बाई? मी सांगतो, माळावरची कुणीतरी.

तात्याबानं तुझा निरोप हसत हसत दिला, त्याला बिचाऱ्याला काही ठाऊक नाही: "त्याला म्हनावं, नवं कशाला? पाव्हणं पुन्यांदा आलं तर फाटकंच लागंल."

पुढच्या रविवारी येतोय. पाय धुवायला पाणी काढू नकोस, ते तू किती लांबून आणतेस ते मी पाहिलंय. ओवाळायचं की नाही ते तू ठरव. उद्या कचेरीत सांगणार आहे की ती माझी थोरली बहीण. आज लिहितोय खरं, पण उद्या तोंड उघडेल का, माझा मलाच भरवसा नाही.

तुला चांगलं लुगडं बदलायला लावणारा,
तुझाच भाऊ
रामहरी